बाळाच्या स्वागताआधी आईची तयारी

पर्युषण महापर्वात महावीर जन्मवाचनाचा दिवस उजाडला की गावोगावची देरासरे भाविकांनी फुलून जातात. त्रिशला मातेला पडलेली चौदा स्वप्ने एकेक करून उतरवली जातात, बोल्या बोलल्या जातात, थाळ्यांचा नाद घुमतो, आणि पाळणा घरी नेण्याचा लाभ ज्या कुटुंबाला मिळतो ते स्वतःला धन्य मानते. दिगंबर परंपरेत ही स्वप्ने सोळा मानली आहेत. संख्येत भेद असला तरी एका गर्भवती मातेच्या स्वप्नांना उत्सवाचे स्थान देण्याची भावना दोन्हीकडे सारखीच आहे.

आचार्य भद्रबाहुस्वामींची रचना मानल्या जाणाऱ्या कल्पसूत्रात या स्वप्नांच्या पुढे आणखी एक प्रसंग येतो. आपल्या हालचालीने मातेला पीडा होऊ नये, या करुणेने प्रभूंनी गर्भातच हालचाल थांबवली. मातेला त्या स्तब्धतेचा अर्थ निराळा वाटला. आपला गर्भ गेला, या शंकेने ती शोकाकुल झाली. सिद्धार्थ राजाच्या महालातील वाद्ये आणि नाट्यप्रयोग थांबले, सारा राजपरिवार खिन्न झाला. प्रभूंनी मातेच्या मनाची अवस्था जाणली आणि अंग किंचित हलवले. मातेचा चेहरा पुन्हा उजळला. माता-पिता हयात असेपर्यंत दीक्षा घ्यायची नाही, हा अभिग्रह प्रभूंनी त्यानंतर गर्भातच धारण केला.

या प्रसंगातून मातृभक्तीचा बोध दरवर्षी घेतला जातो. त्यात दडलेल्या आणखी एका बोधाकडे सहसा लक्ष जात नाही. गर्भ स्थिर झाला, हे सर्वांत आधी मातेला जाणवले. तिने ते सांगितल्यावर कोणी तिला ‘मनाचे खेळ आहेत’ असे म्हटले नाही. तिच्या चिंतेने राजमहाल थांबला. गर्भवतीचे म्हणणे ऐकले जाणे, तिचे भय जाणले जाणे आणि ते दूर करण्यासाठी आप्तांनी काही करणे, ही सुखरूप बाळंतपणाची पहिली पायरी आहे. आजच्या घरांत नेमकी हीच पायरी अनेकदा सुटते.

सोय आहे, तयारी नाही

पनवेल ही जुनी पेठ. खाडीच्या बंदरावर आणि तांदळाच्या व्यापारावर वाढलेल्या या गावाला १८५२ मध्ये नगरपालिका मिळाली आणि १ ऑक्टोबर २०१६ रोजी खारघर, कळंबोली, कामोठे यांसह महानगरपालिका झाली. उपजिल्हा रुग्णालय, कामोठ्याचे एमजीएम रुग्णालय आणि अनेक खासगी प्रसूतिगृहे यांमुळे बाळंतपणासाठी फार दूर जाण्याची गरज येथील कुटुंबांना आता उरलेली नाही.

दीडशे वर्षांपूर्वीचे चित्र याच परिसरात किती वेगळे होते, याची साक्ष शेजारच्या कल्याणची आहे. कल्याणच्या आनंदीबाई जोशी चौदाव्या वर्षी आई झाल्या आणि त्यांचे बाळ अवघ्या दहा दिवसांत गेले. ते दुःख उराशी धरून त्या अमेरिकेला गेल्या आणि ११ मार्च १८८६ रोजी पेनसिल्व्हेनियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून पदवीधर झाल्या. त्यांच्या प्रबंधाचा विषय प्रसूतिशास्त्र हाच होता. त्याच वर्षी मुंबईत स्त्रियांसाठी कामा रुग्णालय सुरू झाले.

तेथपासून महाराष्ट्राने मोठा पल्ला गाठला. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार राज्यातील सुमारे ९५ टक्के प्रसूती रुग्णालयांत होतात. दर लाख जिवंत जन्मांमागे मातामृत्यूचे प्रमाण २०१८-२० या काळात ३३ होते. देशाचे ९७ होते. बाळंतीण आणि बाळ जगतील की नाही, ही आजीच्या काळातील धास्ती बऱ्याच अंशी ओसरली आहे. आता प्रश्न उरतो तो स्त्रीच्या अनुभवाचा. ती त्या प्रसंगातून धीराने, मानाने आणि समाधानाने बाहेर येते का?

व्यापारी कुटुंबात सातवा महिना लागला की खोळाभरणाची तिथी ठरते, हॉल ठरतो, जेवणाची यादी होते, साडी आणि चांदीची खरेदी होते. पाळणा, दुपटी, नावांची यादी, सगळ्याची तयारी होते. ज्या स्त्रीला प्रसूतीच्या खोलीत जायचे आहे तिची तयारी मात्र कोणाच्याच यादीत नसते. कळा किती वेळ चालतात, जवळ कोणाला थांबता येईल, टाके पडतील का, शस्त्रक्रिया केव्हा लागते, हे प्रश्न तिच्या मनात असतात. सासऱ्यांसमोर ते विचारता येत नाहीत, सासूबाईंना विचारायला संकोच वाटतो आणि डॉक्टरांच्या खोलीत पाच मिनिटांत नंबर संपतो. मग एखाद्या नात्यातल्या बाईने सांगितलेली भयकथा आणि मोबाइलवर पाहिलेली दृश्ये एवढेच तिचे शिक्षण होते.

सुखद प्रसूती म्हणजे काय

जागतिक आरोग्य संघटनेने फेब्रुवारी २०१८ मध्ये प्रसूतिकाळातील सेवेविषयी ५६ शिफारशी प्रसिद्ध केल्या. त्यांच्या शीर्षकातच सुखद प्रसूती-अनुभवाचा उल्लेख आहे. आई-बाळ सुखरूप राहणे ही त्यात पायाभूत गोष्ट आहेच. त्याशिवाय स्त्रीला सन्मानाने वागवले जाणे, तिला समजेल अशा भाषेत माहिती मिळणे, निर्णयात तिचा वाटा असणे आणि तिच्या पसंतीची एक व्यक्ती सतत जवळ असणे, या गोष्टीही सेवेचा भाग मानल्या आहेत.

या शिफारशींतील काही माहिती प्रत्येक गर्भवतीने आणि तिच्या सासू-आईने जाणून घ्यावी अशी आहे. गर्भाशयाचे तोंड पाच सेंटिमीटर उघडेपर्यंतचा काळ प्राथमिक मानला जातो आणि तो पुष्कळ लांबू शकतो. त्यापुढचा वेगाचा टप्पा पहिलटकरणीत साधारणपणे बारा तासांपर्यंत आणि पुढच्या बाळंतपणात दहा तासांपर्यंत चालतो. दर तासाला एक सेंटिमीटर उघडलेच पाहिजे, हा जुना ठोकताळा सर्वांना लावू नये, असे संघटनेने स्पष्ट केले आहे. धोका नसलेल्या स्त्रीने कळांच्या काळात हिंडावे-फिरावे, सोयीच्या स्थितीत बसावे, पाणी आणि हलका आहार घ्यावा. सरसकट एनिमा देणे, केस काढणे किंवा प्रत्येक स्त्रीला छेद देणे यांची शिफारस नाही.

हे आधी माहीत असलेल्या स्त्रीचे भय निम्मे ओसरते. आठ तास झाले म्हणून तिला वाटत नाही की काही बिघडले आहे, आणि बाहेर बसलेले घरचे लोकही डॉक्टरांच्या मागे ‘आता लवकर उरका’ असा तगादा लावत नाहीत.

जवळ कोण थांबणार?

प्रसूतिकाळात एका विश्वासू व्यक्तीने सतत सोबत करण्याचे फायदे अनेक देशांत तपासले गेले आहेत. १५ हजारांहून अधिक स्त्रियांचा समावेश असलेल्या अभ्यासांच्या एकत्रित आढाव्यात असे दिसले की, अशी सोबत लाभलेल्या स्त्रियांची प्रसूती नैसर्गिक होण्याची शक्यता वाढते, कळांचा काळ काहीसा कमी होतो आणि अनुभवाविषयीची नाराजीही कमी राहते. या उपायाला यंत्र लागत नाही, औषध लागत नाही आणि त्याचे बिलही येत नाही.

केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०१६ मध्ये सरकारी रुग्णालयांत अशा सोबतीला मान्यता दिली. जिने स्वतः बाळंतपण अनुभवले आहे अशी नात्यातील स्त्री थांबू शकते. खासगीपणाची सोय असेल तेथे पतीलाही थांबता येते. डिसेंबर २०१७ मध्ये सुरू झालेल्या ‘लक्ष्य’ कार्यक्रमातही प्रसूतिकक्षातील सन्मानपूर्वक सेवेवर भर आहे. खासगी प्रसूतिगृहांत पद्धत वेगवेगळी असते, म्हणून नाव नोंदवतानाच याची चौकशी करावी.

सोबतीला कोण, हे ज्येष्ठतेच्या क्रमाने ठरवू नये. काकीसासूंचा मान मोठा असेल; परंतु कळा सोसताना ज्या व्यक्तीसमोर मोकळेपणाने रडता येईल तीच व्यक्ती जवळ हवी. ती कोण, हे गर्भवतीला एकांतात विचारावे आणि तिच्या उत्तराचा राग मानू नये. कोणाला आई हवी असते, कोणाला मोठी बहीण, कोणाला नवरा. पती थांबणार असेल तर त्यानेही आधी तयारी करावी. पाठ व कंबर कशी चोळावी, घोटघोट पाणी केव्हा द्यावे, दीर्घ उच्छ्वासाची आठवण कशी करून द्यावी, आणि मुख्य म्हणजे दुकानाचा फोन बाहेर कोणाच्या हाती सोपवावा, हे त्याने ठरवून ठेवावे.

श्वासाचा सराव आठव्या महिन्यापासून रोज दहा मिनिटे करता येतो. कळ आली की खांदे सैल सोडायचे आणि श्वास सावकाश बाहेर सोडायचा. ज्या घरांत लहानपणापासून नवकार मुखोद्गत आहे त्या घरांत वेगळे तंत्र शोधावे लागत नाही. एकेका पदावर एकेक संथ उच्छ्वास, असा सराव केला तर मनाला आधार मिळतो आणि श्वासाला लय. एवढे करूनही वेदना असह्य झाल्या तर वेदनाशामक उपाय मागणे हा तिचा हक्क आहे. ते मागितले म्हणून ती कमी धीराची ठरत नाही.

मुहूर्त आणि शस्त्रक्रिया

अलीकडे काही कुटुंबांत ज्योतिषाकडून तारीख व वेळ काढून त्या क्षणी सिझेरियन करावे, असा आग्रह डॉक्टरांकडे धरला जातो. व्यापारात मुहूर्ताला मान आहे. चोपडापूजनापासून गाळ्याच्या उद्घाटनापर्यंत तो पाळला जातो. परंतु दुकानाचे उद्घाटन दोन दिवस अलीकडे घेतल्याने दुकानाला दमा लागत नाही. वैद्यकीय कारण नसताना ३९ आठवडे पूर्ण होण्याआधी शस्त्रक्रिया केली तर बाळाला श्वसनाचा त्रास होऊन त्याला अतिदक्षता कक्षात ठेवावे लागण्याचा संभव वाढतो. आईच्या पोटावरील व्रण पुढच्या प्रत्येक गर्भारपणात विचारात घ्यावा लागतो, तो निराळाच.

कल्पसूत्र याविषयी काय सांगते, ते पाहण्यासारखे आहे. प्रभूंच्या जन्मसमयी ग्रह उच्च स्थानी होते, असे वर्णन त्यात आहे. पण तो जन्म झाला तो नऊ महिने आणि साडेसात दिवस पूर्ण झाल्यावर, चैत्र शुक्ल त्रयोदशीला. वेळ कोणी ठरवून आणली नव्हती. काळ पूर्ण झाला आणि शुभयोग आपोआप जुळला. जीव आपले कर्म आणि आयुष्य सोबत घेऊन येतो, असे मानणाऱ्या घराने घड्याळाच्या काट्यासाठी सुनेच्या पोटावर छेद घेण्याचा हट्ट धरू नये.

याचा अर्थ शस्त्रक्रिया वाईट असा मुळीच नाही. वार खाली असणे, बाळ आडवे असणे, बाळाचे ठोके मंदावणे, कळा देऊनही प्रसूती पुढे न सरकणे, अशा वेळी तीच दोन जीव वाचवते. तेव्हा ‘थोडे थांबून पाहू’ असे म्हणण्याचा अधिकार कुटुंबाला नाही. प्रश्न आहे तो विनाकारण होणाऱ्या शस्त्रक्रियांचा. वर उल्लेखलेल्या सर्वेक्षणात देशातील सरकारी रुग्णालयांत १४.३ टक्के, तर खासगी रुग्णालयांत ४७.४ टक्के प्रसूती सिझेरियनने झाल्याचे दिसते. खासगी रुग्णालयांत गुंतागुंतीच्या केसेस येतात हे खरे असले तरी एवढ्या अंतराचे कारण केवळ तेच असू शकत नाही. काही वाटा मागणीचाही आहे, आणि ती मागणी करणारे हात आपलेच असतात. ज्या स्त्रीचे सिझेरियन झाले तिला ‘हिला कळा सोसवल्या नाहीत’ असे म्हणणे हाही तितकाच मोठा अन्याय आहे.

तप, पथ्य आणि गर्भवती

त्रिशला मातेने गर्भकाळात कसा आहार घेतला, याचे वर्णन कल्पसूत्रात आहे. अति थंड नाही, अति उष्ण नाही. अति तिखट, कडू, तुरट, आंबट वा गोडही नाही. ऋतूला मानवेल असा, हितकर आणि बेताचा. शोक, मोह आणि भय यांपासून तिला दूर ठेवले गेले आणि तिचे डोहाळे पुरवले गेले. ज्या शास्त्रात तपाचा एवढा महिमा आहे त्याच शास्त्राने गर्भवतीचे वर्णन करताना समतोल आहाराला आणि प्रसन्न मनाला अग्रस्थान दिले, याची नोंद घ्यावी.

आजच्या गर्भवतीसमोर अडचणी प्रत्यक्ष आहेत. हिवाळ्यात चौविहार केल्यास सूर्यास्तापासून नवकारशीपर्यंत तेरा-चौदा तास पाण्याचा थेंबही पोटात जात नाही. गरोदरपणात एवढा काळ उपाशी व तहानलेले राहणे योग्य नाही. प्रत्याख्यानात चौविहार, तिविहार, दुविहार अशा पायऱ्या आहेत आणि पाठातच ‘आगार’ म्हणजे सवलती दिलेल्या आहेत. शरीराची समाधी बिघडू नये म्हणून औषधाची मुभा त्यांतच येते. गुरुमहाराजांना आपली अवस्था स्पष्ट सांगून मार्गदर्शन घ्यावे. अठ्ठाई किंवा आयंबिलाची ओळी पुढच्या वर्षी होऊ शकते. ‘माझ्या वेळी मी सगळे उपवास केले होते’, ही सासूबाईंची आठवण खरी असली तरी तो सुनेसाठी दाखला होऊ शकत नाही.

दुसरी अडचण रक्ताची. सर्वेक्षणानुसार देशातील ५२ टक्क्यांहून अधिक गर्भवतींना रक्तक्षय आहे. हिमोग्लोबिन ११ च्या खाली असणे हे त्याचे लक्षण. रक्त कमी असलेली स्त्री प्रसूतीतील थोडाही रक्तस्राव सोसू शकत नाही. डॉक्टर बीट आणि पालेभाज्या सुचवतात. बीट हे कंदमूळ म्हणून चालत नाही. पालेभाजी आणि खजूर अनेक श्वेतांबर घरांत फाल्गुन चौमासीपासून कार्तिकापर्यंत आठ महिने वर्ज्य असतात. गर्भारपण नऊ महिन्यांचे. म्हणजे यांतील काही महिने त्यात येणारच. म्हणून आहाराची आखणी आधीच करावी. नाचणी, राजगिरा, अळीव, चवळी, मटकी, हरभरा आणि गूळ यांतून लोह मिळते. सोबत लिंबू किंवा आवळा असला तर ते अंगी लागते, जेवणाबरोबर चहा घेतला तर वाया जाते. आहाराने सगळी तूट भरून निघत नाही. लोह आणि फोलिक आम्लाची गोळी किमान १८० दिवस घ्यावीच लागते. कॅल्शियमची गोळी तिच्यासोबत न घेता वेगळ्या वेळी घ्यावी. शुद्ध शाकाहारात बी-१२ हे जीवनसत्त्व केवळ दूध-दह्यातून मिळते, म्हणून त्याची तपासणी सुरुवातीलाच करून घ्यावी.

नोंदणी, माहेर आणि फाइल

जागतिक आरोग्य संघटनेने गरोदरपणात किमान आठ तपासण्या सुचवल्या आहेत. पहिली तपासणी पहिल्या तीन महिन्यांतच व्हावी. पहिले बाळंतपण माहेरी, ही रीत आपल्याकडे अजून चालते. पनवेलच्या सुना पुण्या-नगरच्या, खानदेशच्या, कच्छ-राजस्थानच्या असतात. माहेरी जायचे असेल तर सातव्या महिन्यातच जावे, तेथे नाव नोंदवावे आणि सर्व अहवालांची फाइल सोबत न्यावी. अखेरच्या आठवड्यात नव्या डॉक्टरांपुढे रिकाम्या हातांनी उभे राहणे धोक्याचे असते.

प्रसूतिगृह निवडताना खोलीतील वातानुकूलन यंत्राआधी चार गोष्टी विचाराव्यात. रात्री डॉक्टर आणि भूलतज्ज्ञ किती वेळात येतात? रक्ताची सोय कोठून होते? नवजात बाळासाठी बालरोगतज्ज्ञ हजर असतात का? प्रसूतिकक्षात सोबतीला परवानगी आहे का? स्त्रीरोगतज्ज्ञांच्या राष्ट्रीय महासंघाने खासगी प्रसूतिगृहांसाठी ‘मान्यता’ नावाने १६ निकषांची पद्धत सुरू केली आहे. ते प्रमाणपत्र आहे का, हेही विचारता येते.

आरोग्य विमा आहे म्हणून निश्चिंत राहू नये. बहुतेक पॉलिसींत प्रसूतिखर्चासाठी प्रतीक्षा काळ असतो. काही योजनांत तो नऊ महिन्यांचा, तर अनेक योजनांत दोन ते चार वर्षांचा असतो. लग्नानंतर लगेच पॉलिसीची कलमे वाचली तरच त्याचा उपयोग होतो. सिझेरियन आणि बाळाला काही दिवस काचपेटीत ठेवणे, या दोन्ही शक्यता धरून रक्कम वेगळी काढून ठेवावी. ऐन वेळी पैशाची जुळवाजुळव चालली आहे, हे कळांतील स्त्रीच्या कानी पडू नये.

दुकानातील नोकर, हमाल आणि घरकाम करणाऱ्या बाई यांच्या घरीही बाळंतपणे होतात. १ जून २०११ पासून लागू झालेल्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी रुग्णालयांतील प्रसूती, सिझेरियन, औषधे, तपासण्या, रक्त आणि वाहन मोफत आहे. प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात दर महिन्याच्या ९ तारखेला तज्ज्ञांकडून मोफत तपासणी होते. दहा किंवा अधिक माणसे कामाला असलेल्या पेढीत स्त्री-कर्मचाऱ्याला २०१७ च्या दुरुस्तीनुसार पहिल्या दोन अपत्यांपर्यंत २६ आठवड्यांची पगारी रजा देय आहे. ही माहिती मालकाने आपणहून देणे हाही अनुकंपेचाच एक प्रकार आहे.

उंबरठा ओलांडण्याची वेळ

सातव्या महिन्यापासून बाळाच्या हालचालीकडे आईने रोज लक्ष द्यावे. हालचाल नेहमीपेक्षा कमी वाटली तर सकाळची वाट न पाहता रुग्णालयात जावे. रक्तस्राव, पाणी जाणे, तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, चेहऱ्यावर वा हातांवर अचानक सूज, ताप, आकडी, यांपैकी काहीही दिसले तरी तेच करावे. ‘रात्रीचे दोन वाजले आहेत, बाबांना कशाला उठवायचे’ या संकोचात जो वेळ जातो तो परत मिळत नाही. त्रिशला मातेच्या शंकेने राजमहाल जागा झाला होता. सुनेच्या शंकेने एक घर जागे झाले तर बिघडत नाही.

पनवेल हे मोठ्या मार्गांचे नाके आहे. पुण्याचा द्रुतगती मार्ग, गोव्याचा महामार्ग आणि सायनचा रस्ता येथेच मिळतात, आणि गर्दीच्या वेळी कळंबोलीजवळचे थोडे अंतरही लांबते. घरापासून रुग्णालयापर्यंतचा रस्ता दिवसा आणि रात्री एकदा जाऊन पाहावा. गाडी कोण चालवणार आणि तो नसेल तर कोण, हे ठरवावे. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सर्वांसाठी मोफत आहे. फाइल, आधारकार्ड, रक्तगटाची नोंद, आईचे सुती कपडे आणि बाळाची दुपटी असलेली पिशवी ३६ व्या आठवड्यातच दाराशी ठेवावी.

पहिला तास आणि पुढचे चाळीस दिवस

बाळ जन्मले की धोका नसल्यास नाळ किमान एक मिनिटाने कापावी आणि बाळाला आईच्या उघड्या छातीवर ठेवावे. पहिल्या तासातच अंगावर पाजावे. पहिला पिवळसर चीक हे बाळाचे पहिले संरक्षण आहे. तो पिळून टाकू नये. आंघोळ २४ तासांनंतर घालावी. बाळाच्या जिभेवर मध चाटवण्याची रीत काही ठिकाणी आहे. जैन आहारात मध अभक्ष्य मानला आहेच. डॉक्टरही एक वर्षाखालील बाळाला तो देऊ नये असेच सांगतात, कारण त्यातून गंभीर विषबाधा होऊ शकते. सहा महिने आईच्या दुधाखेरीज पाणी किंवा गुटीही देऊ नये.

सुंठ, डिंक आणि अळिवाचे लाडू, बाळंतशेपा, तूप ही परंपरा चांगली आहे. तिच्या जोडीला डाळी, ताक आणि भरपूर पाणीही हवे. बाळंतिणीला पाणी कमी द्यावे, हा समज चुकीचा आहे. बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवू नये. १८७२ मध्ये पनवेलमध्ये सुरू झालेल्या धूतपापेश्वर औषधशाळेमुळे येथील घरांना आसव-अरिष्टांचा परिचय पिढ्यान्‌पिढ्या आहे. ती औषधेही वैद्यांच्या सल्ल्याने आणि डॉक्टरांना सांगूनच घ्यावीत.

आणखी एक गोष्ट बाळंतिणीच्या मनाची. पहिल्या आठवड्यात डोळे भरून येणे स्वाभाविक आहे. पण दोन आठवड्यांनंतरही उदासी, निद्रानाश, बाळाविषयी अनास्था राहिली तर तो आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत. ‘एवढे सगळे मिळाले, मग रडते कशाला’ असे विचारण्याऐवजी तिला डॉक्टरांकडे न्यावे. मुलगी झाली म्हणून पेढ्यांऐवजी उसासे ऐकावे लागले तर तिच्या जखमेवर मीठ पडते. गर्भवतीच्या मनातील सर्वांत मोठे भय अनेकदा कळांचे नसते, मुलगाच व्हावा या न बोललेल्या अपेक्षेचे असते. ते ओझे उतरवणे सासू-सासऱ्यांच्या एका वाक्यावर अवलंबून आहे. ‘जे बाळ येईल ते आपले, तू सुखरूप ये,’ एवढे तिला आधीच सांगून ठेवावे.

घरात नवी पाहुणी किंवा पाहुणा येणार असेल तर एका संध्याकाळी दुकान थोडे लवकर बंद करावे. पती, सासू आणि शक्य असल्यास आई यांनी गर्भवतीजवळ बसावे आणि तिला तीन गोष्टी विचाराव्यात: तुला कशाची भीती वाटते, तुझ्याजवळ कोण असावे, आणि डॉक्टरांना काय विचारायचे राहिले आहे? उत्तरे कागदावर लिहून फाइलमध्ये ठेवावीत आणि पुढच्या तपासणीला जाताना ती फाइल उघडावी.